रक्त एकच, म्हणूनच तपासलं

ये गं, बस अशी जवळ. लग्न ठरलं ते आजीला फोनवर सांगतात होय? आणि वर म्हणतेस, थुंकी पाठवून आपले पूर्वज कुठले ते शोधणार! अगं, ते कल्याणच्या खाडीकाठचे, मिठागरात राबणारे. हे मीच सांगते की. तुझ्या बाबाच्या रक्ताचं मात्र तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते ऐक.

आमच्या माहेरच्या मुली गोऱ्या. बघायला आलेली माणसं म्हणायची, हिला हळद कशाला लावायची? मलाही तोरा होता. जिना चढताना धाप लागे, तर डॉक्टर लोहाचं टॉनिक देत, सासूबाई बीट आणि गूळ-शेंगदाणे खाऊ घालत. वर्षानुवर्षं घेतलं, पण रक्त काही वाढेना.

माझी धाकटी बहीण नात्यातच दिलेली. तिच्या मुलाला दर महिन्याला रक्त चढवावं लागे. सातव्या वर्षी गेला बिचारा. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली.

नव्वदनंतर डोंबिवलीत नव्या डॉक्टरीणबाई आल्या. माझी पापणी खाली ओढून त्यांनी विचारलं, "घरात कुणाला रक्त चढवावं लागायचं का?" मी भाच्याचं सांगितलं. नमुना मुंबईला गेला आणि निघालं, थॅलेसेमिया मायनर. गोरेपण कसलं, तो रक्त कमी असल्याचा फिकटपणा होता! "तुम्हाला भीती नाही," बाई म्हणाल्या, "पण नवरा-बायको दोघं मायनर असले, तर मूल त्या भाच्यासारखं होऊ शकतं."

आणि इकडे तुझ्या बाबाचं माझ्या भावाच्या मुलीशी ठरलेलं. मामाची मुलगी, लहानपणापासूनची चिडवाचिडवी, हॉलसुद्धा धरलेला. तुझ्या बाबाला तपासलं, तोही मायनर. मी तडक खोपटला भावाकडे गेले.

"ताई, पत्रिका जुळली ना? आता रक्तात काय बघायचं? तुझं माझं रक्त एकच!"

"म्हणूनच बघायचं रे."

वहिनी फणकारली, "मुलगी नको असेल तर सरळ सांगा. सुया कशाला टोचताय?"

आतून पोरगीच चप्पल घालून बाहेर आली. "आत्या, चल. मला धाकट्या आत्यासारखं रडायचं नाही."

तीही मायनर निघाली. लग्न मोडलं. तुझा बाबा चार दिवस नीट जेवला नाही. दोन वर्षं भाऊबीजेला माझं ताट तसंच राहिलं. मग पोरीने स्वतःच एका स्थळाला आधी रक्त तपासायला लावलं. तो नीट निघाला, लग्न झालं, आज दोन मुलं धडधाकट. तिच्या लग्नानंतरच्या भाऊबीजेला भाऊ आला, पाटावर बसला.

तुझ्या आईलाही मी आधी तपासायला लावलेलं, ती नीट आहे. पण बाबाकडून ते तुझ्यात आलेलं असू शकतं. तेव्हा आधी तुझं रक्त तपासून घे. निघालंच, तर त्या मुलाचंही. लाजू नकोस, त्याच्या आईशी मी बोलेन. त्यालाच घेऊन ये ना येत्या रविवारी, डॉक्टरीणबाईंकडे आपण तिघं जाऊ. लवकर ये गं.