मशीन बंद करायचा अधिकार

रशीदचाचा गेले मंगळवारी पहाटे, आणि कारखान्याच्या फलकावर शोकसंदेश लागला शुक्रवारी. मधले तीन दिवस तो कागद सह्यांसाठी फिरत होता. दफन मंगळवारीच झालं. जळगावच्या कब्रस्तानात सकाळची अर्धी पाळी उभी होती, आणि तिकडे मुंबईच्या मुख्य कार्यालयात चाचांच्या नावाखाली नुसतं ‘डेप्युटी मॅनेजर’ लिहायचं की पुढे ‘मेंटेनन्स’ जोडायचं, यावर खल चालला होता. मला हे कळलं तेव्हा रडू यायच्या आधी संताप आला. जिवंतपणी ज्याच्या हाताखाली एकही माणूस दिला नाही, त्याच्या हुद्द्याची मेल्यावर एवढी काळजी...

चाचा माझ्या वडिलांचे सोबती. दोघेही प्लास्टिकच्या चटया करणाऱ्या त्या कारखान्यात फिटर. युनियनच्या पत्रकांच्या घड्या आमच्याच ओट्यावर घातल्या जायच्या; मी अक्षरओळख त्यांवरच केली. पुढे युनियनचं काम मी हाती घेतलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही मागण्या दिल्या, आणि महिन्याभरात व्यवस्थापनाने नऊ जुन्या कामगारांना साहेब करून टाकलं. कुणी ऑफिसर, कुणी असिस्टंट मॅनेजर. चाचा तर थेट डेप्युटी मॅनेजर! हातातला पाना तोच, अंगावरचं ग्रीस तेच. फक्त साहेब झालेला माणूस युनियनमध्ये राहत नाही, एवढाच त्यातला डाव. आठ जणांनी बढतीची पत्रं परत केली. चाचांनी घेतलं. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी पत्रक काढलं, त्यात त्यांचं नाव घातलं, आणि शेवटी लिहिलं : हुद्द्यापायी सोबत सोडणाऱ्याशी बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी ते पत्रक हातात घेऊन चाचा आमच्या दारात. “बेटा, झकास लिहिलंस. पण ‘गद्दार’ दोनदा आलंय. एकदा पुरे होतं.”

“चाचा, तुमच्या हाताखाली माणसं किती?”

“एक पण नाही.”

“मग मॅनेजर कसले तुम्ही?”

“लाल बटणाचा,” ते म्हणाले आणि हसले. मला वाटलं, टाळताहेत. मी चहासुद्धा विचारला नाही. त्यांनीही समजावून सांगितलं नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो. दोन वाक्यांत सांगता आलं असतं ना!

ते मला सांगितलं सुपडूभाऊंनी, दफनानंतर पंधरा दिवसांनी. सुपडूभाऊ ऑपरेटर. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. रोलरला प्लास्टिकची पट्टी गुंडाळली गेली की मशीन बंद करून ती कापायला हवी. पण बंद करायचा अधिकार डेप्युटी मॅनेजर आणि त्यावरच्यांनाच. ऑपरेटरने सुपरवायझरला सांगायचं, त्याने शिफ्ट इन्चार्जला, इन्चार्जने असिस्टंट मॅनेजरला, आणि तिथून वरचा साहेब मीटिंगमध्ये. तोवर उत्पादन का घटलं म्हणून खालच्यांवर ओरडा. मग सगळे चालत्या मशीनवरच सुरी घालायचे. सुपडूभाऊंची बोटं तशीच गेली, आणि ती उचलली होती चाचांनी. बढतीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी पगाराचा आकडा विचारलाच नाही. विचारलं एवढंच, “आता बटण मी दाबू शकतो ना?”

त्यानंतर पट्टी अडकली की चाचा येऊन मशीन बंद करायचे. उत्पादन थांबवल्याबद्दल खुलासा करा, असं पत्र त्यांना दर आठवड्याला मिळायचं. खुलासा द्यायला ते एकटेच केबिनमध्ये जायचे. युनियनचा माणूस सोबत नेता येत नव्हता, कारण ते साहेब. आणि बाहेर आल्यावर कुणी विचारपूस करायचं नाही, कारण माझं पत्रक. हुद्दा हा सापळाच होता, हे मी आजही म्हणेन. पण त्यात अडकलेल्या माणसाला एकटं मी पाडलं. मालकाला ते जमलं नसतं.

मग सुपडूभाऊंनी मोबाइल पुढे केला. मशीनजवळच्या नोंदवहीचा फोटो होता. मशीन कधी थांबलं, का थांबलं, कुणाच्या आदेशाने. तारीख आदल्या दिवशीची, आणि आदेशाच्या रकान्यात : रशीद शेख, डेप्युटी मॅनेजर. त्याच्या वरही तेच, त्याच्याही वर तेच. चाचा गेल्यापासून सगळ्या नोंदी त्यांच्याच नावावर.

“हे चालतं?”

“यादीमा नाव शे ना त्यास्नं,” सुपडूभाऊ म्हणाले. अधिकाऱ्यांची नवी यादी मुंबईहून यायची आहे. ती येईपर्यंत जुनी लागू. आणि जुन्या यादीत चाचा हयात आहेत.

आता बटण दाबायचा अधिकार ऑपरेटरलाच द्या, ही आमची पहिली मागणी आहे. पण हे सगळं पत्रकात छापलं तर साहेब लोक यादीतून चाचांचं नाव काढून टाकतील, अशी मला धास्ती होती. मी तसं बोलूनही दाखवलं.

“छाप ना ताई, बिनधास्त,” ते म्हणाले. “नाव खोडाले सात सह्या लागतीन.”

आज सकाळी त्यांनी नवा फोटो पाठवला. दहा वाजून वीस मिनिटं. पट्टी अडकली, मशीन बंद, रोलर साफ. आदेश, रशीद शेख. खाली सुपरवायझरची सही... आणि सगळ्यांची बोटं जागच्या जागी.