समोरचं बाकडं

पगारानंतरच्या पहिल्या शनिवारी मी दोन्ही मुलांना घेऊन अंधेरी स्टेशनजवळच्या एका उडपी हॉटेलात जायचे. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं आणि त्या संध्याकाळी स्वयंपाक करायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंना बाहेरचं चालत नसे. त्यांची भाजी-भाकरी सकाळीच करून ठेवायचे, म्हणजे बोलायला जागा उरत नसे. मुलगी सात वर्षांची होती, मुलगा तीन. माझा नवरा, घरातल्या बोलीत 'हे', मस्कतला होते. मरोळचा कारखाना बंद पडला तेव्हा तिकडे फिटर हवे होते, म्हणून गेले. मुलगा तेव्हा पालथाही पडत नव्हता. करार दोन वर्षांचा होता, तो ह्यांनी वाढवून घेतला.

हॉटेलात वर फॅमिली रूम होती. बाई आणि मुलं दिसली की वेटर वरच बोट दाखवायचा. एकदा गेलो. पडदे लावलेल्या खणांतून कॉलेजातली जोडपी बसली होती, पंखा नुसता आवाज करत होता आणि वेटर एकदा खाली गेला तो गेलाच. त्यानंतर आम्ही खालीच बसायचो. भिंतीकडे मुलगा, मध्ये मी, कडेला मुलगी, तिघं एका बाकड्यावर. समोरचं बाकडं रिकामं राहायचं, आणि शनिवारच्या गर्दीत गल्ल्यावरचे अण्णा ते रिकामं ठेवणार नव्हते. कोणीही येऊन बसायचं.

माणसं तरी किती तऱ्हेची. सांबारात लसूण आहे का, असं तीनतीनदा विचारणारे एक गुजराती दलाल. फ्रॉकमधल्या एक गावठाणातल्या आंटी, त्या इडली चमच्याने कापून खायच्या. अत्तराचा वास येणारे एक दाढीवाले चाचा, त्यांनी मुलाला पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरायला शिकवलं. एक सरदारजी होते, ते आले की आमच्या टेबलावर कोपर ठेवायलाही जागा उरत नसे.

म्हणून मी मुलांना नियम घालून दिले होते. दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही. समोरच्याचा हात पोचत नसेल तर चटणी, पाणी पुढे करायचं. कोणी उठून गेलं तर टाटा करायचा. मुलाने हे इतकं मनावर घेतलं की माणूस बसायच्या आत तो विचारायचा, "अंकल, चटनी?" समोरच्या बाकड्याची भाषा हिंदी, असं त्याने आपलं आपण ठरवलं होतं. आंटींनाही तो सुरुवातीला अंकलच म्हणायचा. लोक खूश व्हायचे. अण्णा म्हणायचे, "बहुत अच्छा बच्चा." आमच्या बाकड्यावर काय चालायचं ते अण्णांना गल्ल्यावरून दिसत नसे. मसाला डोशाची कुरकुरीत कड कोणाला, यावरून बहीण-भाऊ टेबलाखाली एकमेकांना लाथा घालायचे आणि मधल्या मध्ये माझ्या साडीची वाट लागायची.

हे पहिल्या सुट्टीवर आले ते दोन महिन्यांसाठी. मुलगी एका दिवसात गळ्यात पडली. मुलगा मात्र सासूबाईंच्या पदरामागून बाहेर येईना. "बाबा कुठेत?" विचारलं की तो भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायचा. ह्यांनी त्याच्यासाठी बॅटरीवर चालणारी गाडी आणली होती. ती त्याने दोन्ही हातांनी घेतली, "थँक्यू अंकल" म्हणाला आणि नेऊन कपाटात ठेवली. ह्यांनी हसून घेतलं. मला त्या हसण्याची फार चीड आली, का ते सांगता येणार नाही.

पहिल्याच शनिवारी हे म्हणाले, "चला, हॉटेलात जाऊ." गेलो. मुलगा भिंतीकडे जाऊन बसला, आम्ही दोघी सवयीने त्याच्या बाजूला. राहिली जागा समोरची. हे तिथे बसले. पोराने ह्यांच्याकडे नीट पाहिलं, चटणीची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाला, "अंकल, चटनी?"

मुलगी फिसकन हसली. मी तिला चिमटा काढला.

"हां बेटा, दे दो," हे म्हणाले.

मग सगळं हिंदीतच झालं. पानी चाहिए? हां. और चटनी? नहीं, बस. पोरगं एकदम व्यवस्थित वागलं. वेटर नवीन होता. त्याने बडीशेपेच्या बशीबरोबर दोन बिलं आणली, एक माझ्यापुढे ठेवलं, एक ह्यांच्यापुढे. ह्यांनी दोन्ही उचलली आणि गल्ल्याकडे गेले. तेवढ्यात मुलगा हात हलवून मोकळा झाला, "टाटा अंकल."

घरी जाताना तो माझ्या खांद्यावर झोपला होता.

"चांगला वागतो गं माझ्याशी," हे म्हणाले.

"वागतो ना."

"तेच सांगतोय मी."

पुढे म्हणाले, "तुम्ही सगळीच चांगली वागताय. आई माशाची मोठी तुकडी मला वाढते. तू भांडत नाहीस. पाहुणा म्हणून किती दिवस राहायचं माणसाने?" खरं होतं ते. त्या आठवड्यात मी एकदाही तोंड सोडलं नव्हतं, आणि ती काही माझी रीत नव्हे.

मग सुट्टीभर दर शनिवारी आम्ही तिथे गेलो. ह्यांनीच हट्ट धरला. घरात पोरगं जवळ येत नाही, तिथे निदान बोलतं तरी, असं म्हणायचे. समोरच्या बाकड्यावर बसून हिंदीत चटणी मागायचे. कारखान्यात सुपरवायझरला न जुमानणारा माणूस. मधल्या दिवसांत बापलेक गच्चीवर पतंग उडवायला लागले, कपाटातली गाडी बाहेर आली, पण ह्यांना हाक अंकलच राहिली. फोटोतले बाबा फोटोतच होते. सुट्टी संपत आली तसा माझा जीव टांगणीला लागला. हे असेच परत गेले असते तर पुढच्या वेळी पोरगं सहा वर्षांचं झालं असतं.

शेवटच्या शनिवारी गर्दी होती. डोसे उशिरा आले. ह्यांचं लक्ष मुलीच्या शाळेच्या गोष्टीकडे होतं. बोलता बोलता ह्यांनी सहज हात लांब केला, मुलाच्या ताटातली कुरकुरीत कड मोडली आणि तोंडात टाकली.

पोरगं बघतच राहिलं. मग त्याने टेबलावर ओणवं होऊन ह्यांच्या हातावर फाडकन मारलं.

"ए बाबा! माझी होती ती. तुझा तू मागव ना!"

मराठीत. आणि टेबलाखालून एक लाथही घातली असावी, कारण ह्यांनी पाय मागे घेतला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. असं काही केलं की मी धपाटा घालायचे, ती त्याचीच वाट पाहत होती. मी सांबार खात राहिले.

"बरं, चुकलं," हे म्हणाले. हात चोळत होते. मारलेलं फारसं लागलं नसणार. मग ह्यांनी आणखी एक डोसा मागवला. त्याची अख्खी कड पोराने मोडून घेतली आणि बापाला एक तुकडासुद्धा दिला नाही. बिल त्या दिवशी एकच आलं. मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना उशिरावरून मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले.

पुढच्या आठवड्यात सहारच्या विमानतळावर जायची टॅक्सी दारात आली. बॅगा चढल्या. शेजारीपाजारी जमले. सासूबाई डोळे पुसत मुलाला म्हणाल्या, "टाटा कर रे बाबाला." हॉटेलातल्या प्रत्येक उठणाऱ्या माणसाला न सांगता टाटा करणारं पोरगं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तोंड फिरवलं. टॅक्सी सुरू झाली, आम्ही बाकी सगळे हात हलवत होतो, हे मागच्या काचेतून हलवत होते. मग ह्यांना तो दिसला असावा, कारण ह्यांचाही हात खाली आला.