एक्केचाळीस नंबरचा त्रिकोण

आम्ही त्यांना भिंगकाका म्हणायचो, पण पाठीमागे. तोंडावर नुसतं काका. जुन्या नाण्यांच्या त्या दुकानात आतल्या खोलीत बसून, तपासून झालेली नाणी पारदर्शक डबीत बंद करायची आणि वर चिठ्ठी लावायची, हे माझं काम. काकांचं टेबल माझ्या समोर. त्यावर सूक्ष्मदर्शक, दहा पटींचं एक भिंग, हिरव्या कापडाचा तुकडा आणि हवा तसा वळवता येणारा दिवा. बावीस वर्षं त्यांनी त्या दिव्याखाली मान घालून काढली. घरी जायला उठले तरी ती मान सरळ व्हायला जिना उतरेपर्यंत वेळ लागायचा.

काम सांगायला सोपं होतं. पूर्वी नाण्याचा पोलादी ठसा तयार झाला की टाकसाळीची खूण त्यावर सगळ्यात शेवटी हाताने ठोकत. एका हातात टोकाला खूण कोरलेला पंच, दुसऱ्या हातात हातोडी. आमच्याकडे येणाऱ्या नाण्यांवर ही खूण म्हणजे वर्षाच्या आकड्याखाली तिळाएवढा त्रिकोण. पहिला घाव नीट बसला नाही की कारागीर पंच जरा सरकवून दुसरा घाव घालायचा. मग त्या ठशातून निघणाऱ्या झाडून सगळ्या नाण्यांवर एका त्रिकोणाआडून दुसरा डोकावायचा. अशी दुबार ठोकलेली खूण मिळावी म्हणून संग्राहक जीव टाकतात.

अडचण अशी की नाणं पाडताना यंत्राने हिसका दिला तरी खूण दुहेरी दिसते. पण ती दुहेरी खूण चपटी असते, पायरीसारखी, आणि फार तर लागोपाठच्या दोन-चार नाण्यांपुरती. खऱ्या दुबार खुणेची कड गोलसर आणि टोकं दुभंगलेली. लोक आणायचे त्यातली शंभरातली पंच्याण्णव नाणी हिसक्याचीच. म्हणजे काकांचा दिवस लोकांना नाही म्हणण्यात जायचा. एका गृहस्थांनी तेच नाणं तिसऱ्यांदा पुढे सरकवलं तेव्हा काका म्हणाले, "आता आणखी बघितलं तर ते लाजेल हो." गृहस्थ हसले, पण नाणं घेऊन दुसऱ्या दुकानात गेले.

काकांच्या आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. चौतिसाव्या वर्षी, या दुकानात यायच्या आधी, त्यांना एका पुडक्यात दोन नाणी सापडली. दोन्हींवर त्रिकोणाच्या डाव्या अंगाला दुसरा त्रिकोण. संग्राहक मंडळाने ती खूण आपल्या छापील सूचीत फोटोसकट घेतली, एक्केचाळीस नंबरला, आणि खाली बारीक अक्षरात शोधणाऱ्याचं नाव घातलं. काकूंनी त्या पानाची झेरॉक्स काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. साडी काढताना रोज दिसायची, असं त्याच मला सांगायच्या.

एका दुपारी एक बाई आल्या. दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झालेल्या. नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक, वर्षापूर्वी वारलेला. त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत त्रेसष्ट नाणी, सगळी एकाच वर्षाची, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर बॉलपेनने काहीबाही लिहिलेलं. त्या म्हणाल्या, "आमचे हे एक्केचाळीस नंबर शोधत होते. अकरा वर्षं. यांच्या नजरेतून सुटलं असेल का, तेवढं बघा."

काकांनी डबा ठेवून घेतला आणि त्यांना आठवड्याने यायला सांगितलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, यात एकही नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नाणी काढून बसले. दुपारी त्यांनी मला बोलावलं. वर्षाच्या शेवटच्या आकड्याच्या पायापासून नाण्याच्या काठाकडे केसासारखी बारीक, वर उठलेली एक रेघ जात होती. ठशाला तडा गेला की अशी रेघ उमटते, तडा वाढेल तशी लांबत जाते, आणि दोन ठशांचे तडे सारखे नसतात. त्रेसष्टांपैकी नऊ नाण्यांवर ती होती.

"त्रिकोण बघ," ते म्हणाले. "किती दिसतात?"

"एक."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. एकच होता. त्यांनी चष्मा काढून कापडावर ठेवला आणि तळहातांनी डोळे दाबले.

तिसऱ्या दिवशी ते घरून आपलं नाणं घेऊन आले. दोनातलं एक त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यावर तीच रेघ होती, काठापर्यंत अर्ध्यावर आलेली. बाईंच्या काही नाण्यांवर ती त्याहून आखूड, म्हणजे आधी पाडलेली. काहींवर थेट काठाला भिडलेली, म्हणजे नंतरची. ठसा एकच. आधी त्रिकोण स्वच्छ, नंतरही स्वच्छ. मग मधल्या दोन नाण्यांवरचा दुसरा त्रिकोण ठशात असणार कुठून? तो हिसका होता. चौतिसाव्या वर्षी साध्या भिंगातून त्यांना जी कड गोल वाटली होती, ती सूक्ष्मदर्शकाखाली चपटी निघाली. इतक्या वर्षांत ते नाणं पुन्हा भिंगाखाली घ्यावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. एक्केचाळीस नंबर नावाची खूण कधी नव्हतीच.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली, ती पाकिटं. त्या नऊपैकी एका पाकिटावर मेकॅनिकने लिहिलं होतं, "रेघ पुस्तकातल्या फोटोसारखीच. त्रिकोण एकच. का?"

मालकांना कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. मालक वाईट माणूस नव्हता, पण गेल्या वीस वर्षांत दुकानातून आणखी चार नाणी एक्केचाळीस नंबर म्हणून गेली होती, चारही सूचीतल्या फोटोशी जुळली म्हणून काकांच्या सहीने. त्यांनी समजुतीने घेतलं. म्हणाले, काका, सूचीत हजार खुणा आहेत, एक चुकली तर जग बुडत नाही, आणि कोणी विचारलंय का तुम्हाला?

"त्या बाईंनी विचारलंय," काका म्हणाले.

बाई आल्या तेव्हा मी खोलीत होते. काकांनी त्यांना खुर्ची दिली, रेघ दाखवली, आपलं नाणं दाखवलं, आणि सगळं सावकाश, काही न गाळता सांगितलं.

"म्हणजे ते सापडणारच नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नाही."

"आणि आहे म्हणून लिहिलं ते तुम्ही."

"हो."

बाईंनी पदराने डब्याचं झाकण पुसलं. झाकण स्वच्छ होतं. मग म्हणाल्या, "हे मला न सांगता चाललं असतं."

"चाललं असतं. पण त्यांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. त्यांना जे दिसलं ते मला दिसायला हवं होतं." काकांनी ते पाकीट त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी वाचलं.

"मी म्हटलं होतं, पत्र टाका त्या मंडळाला," त्या म्हणाल्या. "तर म्हणे, पुस्तकात आहे म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार."

त्या उठल्या. रागावल्या होत्या की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. डबा पिशवीत घातला आणि ते एक पाकीट मात्र काकांच्या टेबलावरच ठेवलं. लागेल तुम्हाला, एवढंच म्हणाल्या.

काकांनी मंडळाला चार पानी पत्र लिहिलं, पाकिटाचा फोटो जोडला, आणि ही दुरुस्ती मेकॅनिकच्या नावाने छापावी अशी विनंती केली. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, आभारी आहोत. पुढच्या आवृत्तीत चाळीसनंतर एकदम बेचाळीस आला. रद्द केलेल्या नोंदीला नाव घालायची पद्धत नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. काकांनी पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. जुन्या चार गिऱ्हाइकांकडे ते स्वतः गेले. तिघांनी चहा पाजला आणि खांदे उडवले. चौथा दारातच इतकं बोलला की ते जिन्यात थोडा वेळ बसून मग खाली उतरले.

काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चुकीबद्दल वाईट वाटलं नाही त्यांना. एवढं सगळं आधी मला सांगितलं आणि घरी नाही, याचं वाटलं. ते बरोबरच होतं. मालकांनी काकांना काढलं नाही, पण आठवड्यातून तीनच दिवस या म्हणाले. एखादी खूण खरी आहे असं म्हणायची वेळ आली की काका आता नाणं माझ्यापुढे सरकवायचे, मला भिंगातून बघायला लावायचे आणि मगच सही करायचे. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं.

दोन वर्षांनी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी काम सोडलं. ऑपरेशननंतर मी भेटायला गेले. खिडकीशी बसले होते, मान तशीच वाकलेली. आता वेळ कसा जातो, म्हणून मी विचारलं. भाजी आणायला जातो म्हणाले. भाजीवाली सुट्टे देते, ते न बघता खिशात टाकतो.

"एकदाही बघत नाही?"

"नाही," काका म्हणाले. "फार बरं वाटतं गं."

आणि त्यांनी काकूंना आतून चहा आणायला हाक मारली.