काय ओढता ते खरं सांगा

आमच्या वर्कशॉपात कोणी गाडी घेऊन शिरलं की आमचे हे एकच प्रश्न विचारतात, "काय ओढता?" त्यावर माणूस खोटं बोलतो. तेवीस वर्षं मी काउंटरवर बसून ऐकते आहे. डिझेल पिकअप बाळगणारा आणि खरं वजन सांगणारा पुरुष अजून माझ्या पाहण्यात नाही.

हे फक्त टॉर्क कन्व्हर्टरचं काम करतात. म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसतं ते तेलाने भरलेलं गोल भांडं. इंजिनाचा जोर तेच पुढे पोचवतं. मूळचं बिघडलं की लोकांना त्याहून दणकट हवं असतं, खरं तर सगळ्यात दणकट हवं असतं. पण जड ओझ्याचा कन्व्हर्टर रिकाम्या गाडीत बसवला तर ती जागोजागी हिसके देते, आणि हलका बसवून तीन टन ओढले तर आतलं तेल करपतं. म्हणून यांचा भरवसा माणसाच्या तोंडावर नाही, गाडीच्या हुकावर. मागे जाऊन वाकून बघायचं. रोज ट्रेलर ओढणारा हुक घासून चकाकतो, बाकीच्यांचा गंजतो. मग परत येऊन चारचौघांत सांगायचं, "तुम्ही भाजीच्या पिशव्या ओढता. हलका पुरे."

गोड बोलणं यांना जन्मात जमलं नाही. माझ्या सख्ख्या भावाला सिग्नलवरून उसळी मारणारा कन्व्हर्टर हवा होता. त्याला, "तू आधी सकाळी वेळेवर ऊठ," असं ऐकवून वाटेला लावलं. दोन वर्षं तो आमची पायरी चढलेला नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही, ते असो.

सांगायचं आहे ते मोठ्या भाऊजींचं. म्हणजे यांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा भाऊजींनी शाळा सोडली, कारखान्यांची यंत्रं ट्रेलरवरून वाहायला लागले आणि यांना शिकवलं. पान्यांचं पहिलं खोकं त्यांनीच आणून दिलेलं. त्यामुळे जगात एकाच माणसापुढे यांची जीभ टाळ्याला चिकटते.

मंगळवारी भाऊजी आले. गाडी साठच्या पुढे गेली की थरथरत होती.

"सगळ्यात जड बसव," ते म्हणाले. "रोज साडेतीन टन असतात मागे."

हे मागे गेले, वाकले, परत आले. आता भाऊजींची कशी हजेरी घेतात म्हणून मी पेन खाली ठेवून बसले. हे म्हणाले, "चहा घेणार, दादा?"

गाडी ठेवून भाऊजी गेल्यावर मी स्वतः बघून आले. हुक गंजून लाल झाला होता आणि त्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळंसुद्धा जुनं.

"अहो, हुक बघितलात ना?"

"दादा म्हणाला साडेतीन टन. लिही साडेतीन टन. जड मागव."

मी लिहिलं. कन्व्हर्टर शनिवारी आला आणि टेबलावर बसून राहिला. हे चार दिवस त्याला फडक्याने पुसत होते. कोऱ्या वस्तूवर पुसण्यासारखं काही नव्हतं. बसवावा तर भाऊजींना गाडी रोज हिसके देणार आणि त्यांना तक्रार करायचीही सोय नाही. न बसवावा तर थोरल्या भावाला तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं. मी म्हटलं, सरळ विचारून टाका.

"मी गणितात दोनदा नापास झालो," हे म्हणाले. "दादाने एकदाही विचारलं नाही, का झालास म्हणून."



पाचव्या दिवशी यांनी भाऊजींना बोलावलं. बसवण्याआधी गाडीने ओझं ओढून बघावं लागतं, असा नियम सांगितला. असा नियम आमच्याकडे नाही. मागच्या आवारात आमचा ट्रेलर जुन्या गिअरबॉक्सांच्या भंगाराने भरून उभा असतो. तो रिकामा करा म्हणून मी अकरा वर्षं घसा फोडते आहे. तो त्या दिवशी दहा मिनिटांत जोडला गेला. वजनकाट्यावर तीन टन चारशे किलो भरले. गाडी थरथरत, पण गेली. भंगारवाल्याकडे सगळं उतरवून दोघे दोन तासांनी परत आले.

भाऊजी उड्या मारायचेच बाकी होते. "काय बरं वाटलं रे! किती दिवसांनी मागे ओझं लागलं!"

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते खुर्चीत बसले.

"ट्रेलर विकला मी," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. कारखाने आता स्वतःच्या गाड्या पाठवतात. सकाळी निघतो, पुलाखाली गाडी लावून बसतो, संध्याकाळी घरी जातो."

"बरं," हे म्हणाले. "मग हलका बसवू."

'हलका' हा शब्द यांनी हजार लोकांना ऐकवला असेल. इतक्या हळू आवाजात कोणालाच नाही.

"घरी मात्र सांगू नका," भाऊजी म्हणाले.

यांनी मान डोलावली. मी नाही डोलावली. जाऊबाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि भाऊजींपुढे धरला. हे माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. बघू देत.

"अगं," भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, "ट्रेलर विकला गं मी."

"वीस फुटी ट्रेलर अंगणातून गेला," जाऊबाई म्हणाल्या, "आणि मला दिसला नसेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज सकाळी सहाला दाढी करून निघत होता. कुठल्या तोंडाने अडवू?"

हे दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

"उद्या नका जाऊ," जाऊबाई म्हणाल्या.