पाटी नसलेलं दुकान

आमच्या इमारतीत त्यांना सगळे पेंटरकाका म्हणतात. ते घरं रंगवणारे नव्हेत. दुकानांच्या पाट्या रंगवणारे. बाजाराच्या रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांपैकी निम्म्या त्यांच्या हातच्या. खाली सही मात्र एकीवरही नाही. "सही कशाला? दुकान माझं आहे का?" असं ते म्हणत. पण त्या रस्त्याने जाताना प्रत्येक पाटीपाशी त्यांची मान आपोआप वर व्हायची, हे मी कित्येक वर्षं शेजारून पाहत आले आहे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. महिन्याभरात ते चालू लागले, बोलणंही पूर्वीसारखं झालं. उजवा हात तेवढा मागे राहिला. चहाचा कप खाली ठेवताना तो बशीवर किणकिणायचा आणि घरातले सगळे तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.

सुनेचं कपडे दुरुस्तीचं दुकान काढायचं त्याआधीच ठरलं होतं. तिच्या पाटीची लांबलचक फळी काकांनी घासूनपुसून, रंगाआधीच्या अस्तराचे दोन हात देऊन गॅलरीत उभी करून ठेवली होती. आता दुकानाचा गाळा मिळाला, मशीनही आलं. फळी कोरीच होती. तिच्यावर अक्षरं कोण काढणार, हा प्रश्न घरात कुणी उच्चारत नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बारीक कामं करायला सांगितली, तेव्हा सून एक खोका घेऊन आली. आत जोडून उभं करायचं छोटंसं दुकान होतं, तेही शिंप्याचं. पातळ लाकडी तुकडे, बोटाच्या पेराएवढं शिलाई मशीन, तांदळाएवढी रिळं, एक चिमटा आणि गोंदाची नळी.

"काय गं, मला खेळणी आणलीस?"

"खेळणं कसलं, बाबा? माझं दुकान आहे ते. आधी हे नीट उभं करा, मग खरं."

"गिऱ्हाईक म्हणून मला बसवा त्यात," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत तुमच्या कुठल्या दुकानात मला नेलंत?"

काकांनी सूचनांचा कागद उघडलाच नाही. जोडल्यावर कोपऱ्यात ब्रश जात नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक. म्हणून आधी सगळे तुकडे रंगवून वाळत घातले, तेही दोन-दोन हात देऊन. मग जोडायला बसले, तर एकही तुकडा खाचेत बसेना. रंगाच्या थराने खाचा बुजल्या होत्या. पुढचे दोन दिवस ते नखं घासायच्या कानशीने रंग खरवडत होते. ती कानस काकूंची, त्यामुळे तेवढे दिवस घरात बोलणंही बेताचंच होतं.

पण दुकान झालं. कपाटात कापडाचे तागे लागले. ते सुनेने आपल्या चिंध्यांतून कापून दिले. मशीनपाशी स्टूल आलं. आरसा भिंतीवर किंचित तिरका बसला, तो तसाच राहिला. राहिली फक्त पाटी. तिच्यासाठी खोक्यात छापील चिकटपट्टी होती. काकांनी ती पहिल्याच दिवशी केरात टाकली होती.

बुधवारी मुलगा म्हणाला, "बाबा, सोमवारी दुकान उघडायचंय. छापून घ्यायची असेल तर पाटीचं शुक्रवारी तरी सांगावं लागेल."

काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "ही छोटी जमली, तर मोठी मी करणार. नाही जमली, तर खुशाल छाप."

काडेपेटीच्या काडीहून थोडी रुंद अशी ती लाकडी पट्टी. काकांनी भिंग आणलं, सर्वांत बारीक ब्रश घेतला, मनगट टेबलावर टेकवलं. पहिली उभी रेघ बरी आली. दुसरी मध्येच लचकली. पट्टी घासून पुन्हा कोरी केली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पट्टीच मोडली. काकांनी ब्रश धुतला, फडक्याने निपटून त्याचं टोक नीट केलं आणि मुलाला हाक मारून सांगितलं, "छापून घे."

शुक्रवारी सकाळी छापणाऱ्याने अक्षरांची मापं मागितली. सुनेने गॅलरीतली फळी आत आणून भिंतीला उभी केली आणि कापडावर खुणा करायचा खडू काकांपुढे धरला.

"नुसत्या खुणा करून द्या, बाबा. कुठलं अक्षर कुठे बसेल ते मला कळत नाही."

काका उठले. फळीपासून हातभर लांब उभे राहिले, डावा हात कमरेवर. मग खांद्यातून अख्खा हात फिरवत पहिलं अक्षर काढलं, वीतभर उंच. रेघ सरळ आली. गोलाई आली, तीही न अडखळता. काका मापाच्याच विचारात होते, त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. सुनेच्या आलं.

"बाबा, तुम्ही मोठी अक्षरं मनगटाने काढता का?"

"वेडी आहेस का? मनगटाने पत्र लिहितात. पाटी खांद्याने—"

त्यांनी हातातल्या खडूकडे पाहिलं, मग फळीकडे.

"बारीक काज करताना माझाही हात कापतो," सून म्हणाली. "लांब शिवणीला नाही कापत."

"मग हे बुधवारी सांगायचंस ना! तुझ्या सासूची कानस झिजवली, पाच वेळची मेहनत गेली."

"बुधवारी तुम्ही बसून काढत होतात."

काकांनी राहिलेली अक्षरं काढली. मग मुलाला म्हणाले, "त्या छापणाऱ्याला नको म्हणून सांग. आणि लाल डबा आण. झाकण तू उघड, ते मला जमत नाही."

रंगवायला दोन दिवस लागले. मधे मधे ते बसत, हात चोळत. सोमवारी पाटी चढली. शेवटच्या अक्षराची आडवी रेघ टोकाला जराशी हलली आहे. ती पुसायची का, असं मुलाने विचारलं, तर सुनेने शिडीच काढून नेली.

छोटं दुकान आत काउंटरवर ठेवलंय. त्याला अजून पाटी नाही. मी विचारलं, तर काका म्हणाले, "तिथे कोण येणारे? एक आमची ही. तिला रस्ता माहीत आहे."