वाघमारे मॅडमची स्टेप

आधीच सांगून ठेवतो, भूत-बित मी मानत न्हाई. आमच्या कंधारला किल्ल्यापाशी कुणाला काय दिसलं याचे किस्से ऐकत मोठा झालो, पण मला तिथं शेळ्यांशिवाय कधी काही दिसलं न्हाई. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, आता नांदेडला एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात आयटी बघतो. आयटी म्हणजे काय... प्रिंटर अडकला, बोलवा मला. पासवर्ड विसरला, बोलवा मला. तेव्हा हे वाचून कुणी लिंबू-मिरचीचे उपाय सुचवू नका, डोकं आधीच फिरलेलं आहे.

संस्थेच्या शाळा नांदेड, लातूर, पार तिकडं इस्लापूरपर्यंत. सचिव साहेब बसतात लातूरला. कागदांची ने-आण नको म्हणून एक सॉफ्टवेअर घेतलं. रजा असो, बदली असो — अर्ज ऑनलाईन टाकायचा, तो एकेकाच्या स्क्रीनवर जाणार, त्यानं ओके केलं की पुढच्याकडं. याला म्हणायचं वर्कफ्लो. त्यातली पहिली स्टेप वाघमारे मॅडमची, कारण आवक-जावकचं टेबल त्यांचं. कागदाच्या काळात प्रत्येक अर्जावर त्या हिरव्या पेननं ‘पाहिले.’ लिहायच्या, मगच तो पुढं सरकायचा. कॉम्प्युटरवरही तेच! कमेंटच्या चौकटीत ‘पाहिले.’ टाइप करायच्या, पूर्णविरामासकट. मी म्हणायचो, "मॅडम, नुसतं बटण दाबलं तरी चालतंय की." तर म्हणायच्या, "तुझं बटण ठेव तुझ्यापाशी. अर्ज करणाऱ्याला कळाय पाहिजे, कुणीतरी वाचलंय म्हणून."

या मॅडम अचानक गेल्या. हार्टअटॅक. नियमाप्रमाणं त्यांचं लॉगिन बंद झालं. वर्कफ्लोमधलं नाव काढायला गेलो, तर ऑफिस सुपरिंटेंडेंट पाटील साहेब म्हणाले, "अहो, वर्ष तरी होऊ द्या. लगेच नाव पुसायलात का बाईचं?" अख्ख्या स्टाफचं तेच म्हणणं. त्यांच्या खुर्चीवरसुद्धा कुणी बसत नव्हतं. मग नाव ठेवलं आणि नव्या अर्जांना बाजूनं वाट काढून दिली. पण मॅडम गेल्या त्याच दिवशी आलेला एक अर्ज त्यांच्या स्टेपवर बसून राहिला.

तो गजानन सरांचा. इस्लापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतात. आई नांदेडला, लकवा झालेली, घरात एकटी. शेजारच्या काकू दोन घास भरवायच्या तेवढंच. सरांना नांदेडच्या शाळेत बदली पाहिजे होती... बाकी काही न्हाई.

अर्ज उघडला की स्क्रीनवर यायचं — ‘वर्कफ्लो लोड करता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ ब्राउझरची कॅश मेमरी साफ केली, ब्राउझर बदलला, सगळ्या परवानग्या तपासल्या. कंपनीला मेल टाकला तर उत्तर आलं, कॅश साफ करून बघा. धन्य आहे! नवा अर्ज टाकावा तर सिस्टीम म्हणायची, आधीचा प्रलंबित आहे. आधीचा रद्द करावा तर तो उघडला पाहिजे. आणि सचिव साहेबांचं एकच, सिस्टीममधून आल्याशिवाय मी सही करणार न्हाई.

सरांचा रोज फोन. "सर, झालं का काही? लई हाल व्हायलेत मायचे. रात्री तहान लागली तर पाणी द्यायला कोणी न्हाई हो." मी काय सांगणार, बघतो म्हणायचो. शेवटी पाटील साहेबच म्हणाले, "काढा बाबा नाव, मॅडम काही रागवायच्या न्हाईत." मी ती स्टेपच डिलीट केली. तरी तोच एरर.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन बसलो होतो. पाटील साहेब चहा घेऊन माझ्या टेबलापाशी उभे. सवयीनं मी रिफ्रेश दाबलं... आणि अर्ज उघडला. वरती मी स्वतः डिलीट केलेली स्टेप. वाघमारे मॅडमचं नाव, पुढं ‘परत’, म्हणजे अर्ज माघारी धाडलेला. खाली कमेंट —

‘पाहिले. आता गरज नाही.’

पाटील साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझं डोकंच सटकलं. मेलेल्या माणसाच्या नावानं असली थट्टा? कुणाची हिंमत? मग वाटलं, सरांनीच अर्ज मागं घेतला असेल. लगेच फोन लावला.

"न्हाई हो सर! मी कशाला मागं घेऊ? मी तर वर्गावर हाय. सकाळीच काकूंशी बोललो, मायनं पेज घेतली म्हणे."

फोन ठेवून वळलो तर स्क्रीनवर पुन्हा तोच एरर. फोटो काढायचं कुणाला सुचतंय?

थोड्या वेळानं सरांचाच फोन आला. नुसतं रडणं. काकू चहा द्यायला गेल्या होत्या, माय उठलीच न्हाई.

कंपनीचा इंजिनिअर म्हणतो, डिलीट केलेली स्टेप दिसूच शकत न्हाई, लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींत, तसलं काही न्हाई. मॅडमचा पासवर्ड कुणी वापरला म्हणावं, तर आमच्याकडं पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेलेच असतात, पण बंद लॉगिन उघडणार कसं? मला भास झाला म्हणावं, तर पाटील साहेबांनीही तेच वाचलं.

तेरावं झाल्यावर गजानन सर ऑफिसात आले. मी सांगणार नव्हतो, पण पाटील साहेबांच्या पोटात राहिलं न्हाई. सरांनी ऐकून घेतलं. मॅडमच्या खुर्चीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम तिथंच होत्या म्हणा की. त्यांना सगळं कळत होतं. मग माय जिती होती तवा का न्हाई सोडला माझा अर्ज?"

मी म्हणालो, सर, आता तरी बदली करून घेऊ. ते म्हणाले, "कोणासाठी?" पिशवी उचलली आणि इस्लापूरवरून जाणारी किनवटची गाडी धरायला निघून गेले.

ते अजून इस्लापूरलाच आहेत. वर्कफ्लो आता एकदम नीट चालतो, तो एरर परत आला न्हाई. मी काहीच दुरुस्त केलेलं न्हाई.