हिरामणचा कान आणि राजाबाईचं बोट

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये हिरामणच्या गॅरेजात खुर्ची एकच. भंगारातल्या कुठल्याशा गाडीची ड्रायव्हरची सीट काढून तिला खाली पाय जोडलेले. तिच्यावर हिरामणखेरीज कुणी बसलेलं गल्लीने पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक उभं, मुलगी उभी, आणि आई राजाबाई बाहेर पायरीवर, पानाची पिशवी मांडीत घेऊन.

हिरामण मूळचा पालेगावचा. गावच्या शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या तसा तो इकडे गाड्यांत शिरला आणि बघता बघता उस्ताद झाला. उस्ताद ही पदवी त्याला कुणी दिली, हे मात्र कुणाला विचारू नये. बोर्ड त्याने स्वतःच रंगवला होता. भांडवल काय, तर कान. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हा डोळे मिटून सांगायचा, तिसऱ्या सिलेंडरला प्लग धड पेटत नाही, आणि मालकाचं घरात बायकोशी बिनसलंय. दुसरी गोष्ट बहुतेक वेळा खरी निघायची.

मुलगी तेजल ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून गॅरेजात आली आणि येताना लॅपटॉप घेऊन आली. तेव्हापासून बापलेकीत धुसफूस. बाप म्हणे, इंजिन काय बँक आहे का, कॉम्प्युटरवर बघायला. लेक म्हणे, पप्पांच्या कानाला ऐकू येतं ते ठीक, पण पप्पांना दुसऱ्याचं काही ऐकूच येत नाही त्याचं काय. शेजारच्या सिंधी स्पेअर पार्टवाल्या ठाकुरदासला ही करमणूक इतकी आवडायची की दुपारचं जेवणही तो दुकानाच्या दारात घ्यायला लागला होता.

तेवढ्यात अंबरनाथहून यज्ञेश आला. कारखान्यातल्या बड्या साहेबाचा मुलगा. त्याने एक जुनी जपानी गाडी घेऊन तिला टर्बो बसवला होता, आणि आता ती नीट लावून हवी होती. घरी आईला, कुंदाताईंना, सांगितलं होतं की सायलेन्सर बदललाय. कुंदाताई काही दुधखुळ्या नव्हत्या. पण सायलेन्सर बदलल्यावर गाडी शिट्टी मारते, हे त्यांनी मान्य केलं होतं.

आता टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेल्या हवेत ठिणगी नेमकी कधी पडते, यावर सगळं. पिस्टन वर पोचता पोचता पडली तर गाडी उडते. फार आधी पडली, तर झोपाळा अंगावर येत असतानाच ढकलल्यासारखं होतं. धक्का बसतो तो आपल्यालाच. इंजिन खडखडतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक. म्हणून आधी ठिणगीचा पाया बांधायचा. इंजिन गरम करायचं, कॉम्प्युटरला ठिणगी जागची हलवू द्यायची नाही, आणि टायमिंग लाइटचा झगझगता उजेड खालच्या पुलीवर मारायचा. फिरत्या पुलीवरची खूण त्या उजेडात उभी राहिल्यासारखी दिसते. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवत ती इंजिनावरच्या काट्यासमोर आणायची आणि मग त्याचा बोल्ट आवळायचा. त्यानंतर लॅपटॉपवर जी काय कलाकारी करायची ती करा. ती सगळी या पायावर उभी.

पाया कोण बांधणार यावर वाजलं. शब्दाला शब्द लागला, आणि ठाकुरदासच्या साक्षीने हिरामण बोलून बसला: पाया मी लावणार, पुढचं तू कर. चढावर गाडी खडखडली आणि माझा पाया चुकलेला निघाला, तर गॅरेजची किल्ली तुझी. तुझा लॅपटॉप चुकला, तर बोलावणं आलंय त्या चाकणच्या कंपनीत निमूट नोकरीला जायचं.

तेजल हो म्हणाली, आणि म्हणाली ते इतक्या पटकन की हिरामणचा चेहरा पडला. ती चाकणला गेली तर आपण भांडायचं कुणाशी, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. पण बोललेलं मागे घेण्याची त्या घरात पद्धत नाही. त्याऐवजी अबोला धरण्याची आहे.

अबोला दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुरू झाला. दसऱ्याला राजाबाई दरवर्षीप्रमाणे गॅरेजात शिरली. तिची पूजा म्हणजे फूल वाहिलं आणि झालं, अशी नाही. तांदळाचं पीठ कालवायचं आणि जे जे फिरतं, कापतं, ठोकतं त्या सगळ्यावर पिठाचं एक बोट, वर कुंकू. पान्याला बोट, जॅकला बोट, ग्राइंडरला बोट. यज्ञेशची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होतीच. पाहुणी गाडी उपाशी कशी ठेवायची? राजाबाईने वाकून हात घातला आणि जे चाक पुढे दिसलं त्याला बोट लावून ती मोकळी झाली.

पुढे इंजिन डिझेलने धुतलं तेव्हा कुंकू गेलं. पीठ मात्र तेलात मुरून बसलं, पांढरंशुभ्र.

पाया लावायच्या सकाळी हिरामणने लाइट मारला, आणि पुलीवर ठसठशीत पांढरी खूण बघून त्याचं मन भरून आलं. तिथली मूळची खाच नखाएवढी, काळ्या तेलात बुडालेली. पोरीने रागात असूनही बापासाठी खूण रंगवून ठेवली, असं त्याला वाटलं. बोलायचं तर नव्हतं. मग तो पायरीकडे तोंड करून म्हणाला, "आये, सांग तिला, खूण बेस केलीय."

राजाबाईने पान चघळत मान डोलावली. इतक्या वर्षांत मुलाने तिच्या पूजेचं केलेलं हे पहिलंच कौतुक. ते ती दुसऱ्या कुणाला कशाला देईल? तिने ते जागच्या जागी ठेवून घेतलं.

तेजलने पलीकडून डोकावून पाहिलं. पप्पांनी खूण रंगवली, म्हणजे दिसायला लागलंय यांना, असं मनाशी म्हणून तिने लॅपटॉप उघडला.

जांभूळ गावाच्या पुढच्या चढावर गाडी नेली. यज्ञेश चालवायला, तेजल शेजारी लॅपटॉप घेऊन, मागे हिरामण, गुडघे हनुवटीला लावून. टर्बोने शिट्टी मारली, गाडी उसळली, आणि आतली खडखड कानावर पडताच हिरामण जो ओरडला तो ठाकुरदासला कॅम्प चारमध्ये ऐकू आला असणार.

"सोड, सोड पाय. फुटेल ती."

यज्ञेशने पाय काढला. लॅपटॉपवर सगळं हिरवंगार होतं. तेजल म्हणाली की आकडे बरोबर आहेत. हिरामण म्हणाला की कान बरोबर आहे. अबोला मोडलाय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. यज्ञेशला घाम फुटला होता, कारण पिस्टनला पडलेलं भोक सायलेन्सरच्या खात्यात कसं घालणार?

गाडी हळूहळू परत आणली. ठाकुरदासने दुकान पोराच्या हवाली केलं आणि तो थेट बॉनेटशी येऊन उभा राहिला. तेजलने पुली फडक्याने पुसली. पांढऱ्या खुणेच्या बोटभर मागे नखाएवढी खाच निघाली.

"ही पांढरी तुम्हीच केली ना?" तेजलने विचारलं.

"मी कशाला करू? तू केलीस म्हणून तर तुला शाबासकी धाडली."

"कुणाबरोबर?"

सगळे पायरीकडे वळले. राजाबाईने पिशवीची नाडी आवळली.

"मीच लावली. पीठ व्हतं चांगल्या तांदलाचं."

म्हणजे ठिणगी बोटभर आधी पडत होती, आणि बिचारा लॅपटॉप त्या बोटावर विश्वास ठेवून पुढचे हिशेब करत होता. ठाकुरदास म्हणाला, "साईं, पाया तर चुकला." हिरामणलाही ते कळत होतं. आईवर ढकललं असतं तर सुटला असता, आणि त्याने तोंड उघडलंही.

"आयेची चूक..."

"माझी चूक?" राजाबाई उठली. "लाइट कोनाच्या हातात व्हता? आन माझीच असंल, तर किल्ली माझी. बोलला व्हतास ना, ज्याचं बोट त्याची किल्ली?"

असं तो मुळीच बोलला नव्हता. पण ठाकुरदासने साक्ष दिली की बोलला होता, आणि साक्षीदार तोच एक.

हिरामणने खिशातून किल्ली काढली. राजाबाईने ती कनवटीला खोचली आणि सरळ आत जाऊन खुर्चीत बसली. चाकणला कुणी जायचं नाही, तिने सांगितलं. आणि ज्याला गॅरेज उघडायचंय त्याने दुसऱ्याला सोबत घेऊन किल्ली मागायला यायचं, एकटं नाही.

यज्ञेशची गाडी पुन्हा गरम केली. हिरामणने लाइट मारला, डिस्ट्रिब्युटर किंचित मागे फिरवला, खाच काट्यासमोर आणली. बोल्टवर पाना चढवला आणि थांबला. खुर्चीकडे बघितलं, पायरीकडे बघितलं. पायरीवर आता कुणी नव्हतं.

"तेजल," तो म्हणाला, "ये, बघून घे. आवळू का?"